पाठीचा पर, कडेनं

दिवाळीच्या सुट्टीत महाड-पोलादपूरची पुष्कळ मंडळी हरिहरेश्वरला, हर्णैला जातात, होडीतून डॉल्फिन बघतात आणि परतल्यावर मला हौसेनं फोटो दाखवतात. अर्धवट उडी, धूसर शेपटी, बाकी सगळं पाणी. माझं मागणं एकच आहे. उडीचा नाद सोडा. पाठीवरच्या पराचा फोटो घ्या, आणि तो कडेनं घ्या.

तिन्हीसांजेला गुरं रानातून परततात, तेव्हा गुराखी मागून चालत असतो. तोंडं दिसत नाहीत, तरी कुठलं जनावर कोणाचं, ते तो अचूक सांगतो. एकीचा कान फाटलेला, दुसरीचं शिंग मोडलेलं. आपल्या किनाऱ्यालगतच्या कुबडवाल्या डॉल्फिनचं तसंच आहे. पराच्या मागच्या कडेला खाचा पडलेल्या असतात, त्या वर्षानुवर्षं राहतात. त्यावरून गेल्या साली हर्णैला दिसलेला गडी यंदा कुठं आहे ते कळतं, आणि एकच डॉल्फिन दोनदा मोजला जात नाही. मोठ्या देवमाशांचीही ओळख अशीच पटवतात. निळ्याची अंगावरच्या ठिपक्यांवरून, कुबड्याची शेपटीच्या खालच्या बाजूवरून. २०१५ साली कुणकेश्वरच्या समुद्रात अभ्यासकांना निळा देवमासा दिसला. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यात, रेवदंड्याला, ४२ फुटांचा निळा देवमासा किनाऱ्याला लागून मेला. मेलेल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. जिवंतांचे आपल्याकडे किती आहेत?

आता होडी. पुन्हा गुरांकडेच येतो. अंगावर धावून गेलात की गुरं उधळतात, मग नुसती पाठमोरी धूळ दिसते. बाजूनं, त्यांच्याच चालीनं चाललात तर ती चरत राहतात. म्हणून तांडेलाला आधीच सांगा, "दादा, पाठलाग नको, आडवी घालू नका, बाजूनं सावकाश चला." लांबूनच बघा, आणि पिल्लू दिसलं तर होडी मागं घ्या. बाजूनं गेलात तरच पर कडेनं मिळतो. हे पुन्हा सांगतोय, कारण पोरं "उडी, उडी" ओरडायला लागली की मोठी माणसंही सगळं विसरतात. कॅमेऱ्याचा शटर हजारांश सेकंदावर ठेवा. तारीख, वेळ, जागा तिथंच लिहून ठेवा. घरी आल्यावर आठवत नाही.

आणखी एक. आपली सावित्री पोलादपूर-महाडवरून हरिहरेश्वर आणि बाणकोटच्या मधे समुद्राला मिळते. इथं आपण तिच्यात जे जे टाकतो, ते खाली याच डॉल्फिनच्या... पण खूण झाली, वेळ संपली. पाठीचा पर, कडेनं.