चूक प्लास्टरखाली राहत नाही

भिलाईच्या हुडकोतून बोलतोय. आजचं बोलणं मिस्त्री, ठेकेदार आणि सुपरवायझर मंडळींसाठी. काम चुकलं, तर मालकाला सांगायचं का?

१२ जुलै २००९ रोजी दिल्लीत जमरूदपूरला मेट्रोचा बांधकाम चालू असलेला पूल कोसळला. माणसं गेली. प्रमुख होते ई. श्रीधरन, कोकण रेल्वे उभी करणारे. ठेकेदाराकडे बोट दाखवणं सोपं होतं. त्यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही. लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास टिकला.

आपली कामं लहान, पण नियम तोच. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग चुकलंय हे फरशी बसण्याआधी सांगितलं, तर तेवढाच थर पुन्हा करावा लागतो. नंतर कळलं, तर फरशी फोडायची आणि खालच्या घराचं छतही रंगवून द्यायचं. कॉलमला पोकळ्या राहिल्या आणि वरून सिमेंट थापलं, तर ओल सळईपर्यंत जाते. सळई गंजून फुगते आणि काँक्रीट फोडते. स्लॅबवर साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, स्लॅग किंवा फ्लाय ॲशच्या सिमेंटला किमान १० दिवस पाणी हवं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर १४ दिवस धरा. चौथ्या दिवशीच पाणी बंद झालं असेल, तर सांगा आणि इंजिनिअरकडून स्लॅब तपासून घ्या.

सांगायचं कसं? फौजेत वाईट बातमी आधी वर जाते. इथेही तसंच. त्याच दिवशी, ठेकेदारानं स्वतः जाऊन. काय चुकलं, परिणाम काय, दुरुस्ती कशी, कधीपर्यंत, खर्च कोणाचा, एवढं सांगा आणि लिहून द्या. ‘पोरानं केलं’ म्हणू नका. पोरगं तुमचंच.

बिल अडकेल ही भीती खरी आहे. पण लपवलेली चूक पुढची दहा कामं अडवते. शिवाय रेरा कायद्याच्या कक्षेतल्या प्रकल्पात ताबा दिल्यापासून ५ वर्षांत कामातला दोष दाखवला, तर बिल्डरला तो ३० दिवसांत विनाशुल्क दुरुस्त करावा लागतो.

आणि घरमालकांनो, जो स्वतःहून सांगायला आला, त्याच्यावर ओरडू नका. त्याला शिक्षा झाली, तर पुढचा गडी गुपचूप प्लास्टर मारेल. आणि त्या घरात राहायचं तुम्हालाच आहे.

जय हिंद.