टोळधाड आणि रोमची कचेरी
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मे 2020 मध्ये अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांत टोळधाड उतरली. आपण डबे बडविले, धूर केला. काटोलकडे रात्री अग्निशामक बंबांनी फवारणी करावी लागली. हे टोळ मध्य प्रदेशातून आले एवढे सर्वांनी पाहिले. त्यांचे मूळ मात्र अरबस्तानात होते.

2018 साली मे व ऑक्टोबरमध्ये दोन चक्रीवादळांनी तेथील निर्मनुष्य वाळवंटात भरपूर पाऊस पाडला. टोळाची मादी ओल्या वाळूत अंडी घालते. पाहणारे कोणी नव्हते, पिढ्यांमागून पिढ्या वाढल्या. 2019 च्या आरंभी थवे बाहेर पडले. काही येमेनमध्ये शिरले. तेथे युद्ध चालू, फवारणी कोण करणार? काही इराणात गेले आणि पुढे पाकिस्तानमार्गे राजस्थान-गुजरातेत आले. थवा दिवसाला 150 किलोमीटरपर्यंत मजल मारतो. म्हणजे शेजाऱ्याच्या बांधावरचे तण आपल्या वावरात यावे, तसाच हा प्रकार. फक्त बांध फार लांबचा.

येथे संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना उपयोगी पडते. तिच्या रोम येथील कचेरीत देशोदेशींच्या नोंदी जमा होतात. पाऊस, वारा व उपग्रहाने टिपलेली हिरवळ यांच्याशी त्या ताडून प्रत्येक देशाला आगाऊ अंदाज दिला जातो. भारत, पाकिस्तान, इराण व अफगाणिस्तान यांचे याच कामासाठी 1964 पासून एक मंडळ आहे. भारत-पाकिस्तान संबंध ताणलेले असतानाही 2020 मध्ये या चार देशांचे अधिकारी दर आठवड्यास दूरसंचाराने एकत्र बसत होते. ही गोष्ट मला मोठी वाटते.

तरी या संघटनेकडून भलत्या अपेक्षा नकोत. तिला कोणत्याही देशात जबरदस्तीने फवारणी करता येत नाही. खालून नोंदच आली नाही, तर रोममधला नकाशा तेवढ्या जागी कोरा राहतो.

ही नोंद आपल्या बांधावरून सुरू होते. टोळ दिसल्यास रंग पाहा. गुलाबी टोळ अपक्व असतो. तो लांब उडतो, पण अंडी घालत नाही. पिवळा दिसला तर अंड्यांचा धोका समजावा. थवा कोणत्या दिशेने आला आणि सायंकाळी कोणत्या झाडांवर बसला, हे त्याच रात्री सहायक कृषी अधिकाऱ्यास कळवा. सकाळी ऊन चढले की तो पुन्हा उडतो.