अंड्याच्या खोक्याची जागा

(जिल्हा बैठकीच्या महिला सत्रात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून या मंडपात मोठमोठ्या गोष्टी झाल्या. कापूस झाला, सोयाबीन झाले, विजेचे बिल झाले. आता कोंबडीच्या अंड्यावर बोलायचे म्हटल्यावर मागच्या रांगेतले काही भाऊ चहाला उठले. उठू द्या. पण घरातले मीठ-मिरची, पोराची वही आणि एस.टी.चे तिकीट कोणत्या पैशातून निघते, हे त्यांना घरी गेल्यावर विचारा. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो आणि येण्याआधीच दुकानदाराच्या वहीत गेलेला असतो. अंड्याचा पैसा बाजाराच्या दिवशी येतो आणि बाईच्या हातात राहतो. म्हणून एक अंडे हरवले तर ते कोणाचे हरवले, हे आम्हाला चांगले कळते.

आधी आमची चूक सांगतो. आम्ही पाच जणींनी एकाच नकाशावरून पाच खुराडी बांधली. एकेका खुराड्यात 14 कोंबड्या. दहा ग्रामप्रिया, चार गावरान. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने काढलेली जात. परसात ती वर्षाला 160 ते 180 अंडी देते असे धरतात. गावरान कोंबडी 60-70 ची. करा हिशेब. रोजची पाच अंडी तरी यायलाच हवीत. आमच्या हातात येत होती तीन, कधी दोन.

आधी आम्ही कोंबडीला दोष दिला. मग भरड्याला दिला. शिंपल्याचा चुरा वाढवून पाहिला. शेजारणीच्या पोरावरही संशय घेतला, ते बिचारे निष्पाप होते. महिनाभराने कडब्याची गंजी हलवली तेव्हा खाली 19 अंडी सापडली, निम्म्याहून जास्त सडलेली. गव्हाणीच्या कोपऱ्यात सहा निघाली. सरपणाच्या मागे नुसती टरफले होती, म्हणजे तिथला वाटा मुंगसाने नेला होता. कोंबड्या अंडी घालत होत्या. आमच्या खोक्यात घालत नव्हत्या, एवढेच.

नकाशा आम्हाला एका योजनेतून मिळाला होता. त्यात खोकी दारातून शिरल्या शिरल्या, पश्चिमेच्या भिंतीला, जमिनीवर दाखवली होती. दार उघडले, वाकले, अंडे उचलले. गोळा करणारीची सोय पाहिली होती. घालणारीची सोय कोणी पाहिली नव्हती, आणि आम्हीही पाहिली नाही. आमच्यातल्या एकीच्या सासूबाई ते खुराडे बघायला आल्या आणि दारातच थांबल्या. म्हणाल्या, "बायांनो, बाळंतिणीची खाट कुणी उंबऱ्यात टाकतं का?" इतके दिवस आम्ही जो घोळ घालत होतो तो त्यांनी एका वाक्यात निकालात काढला.

त्या दिवसापासून आम्ही कोंबडीच्या मागे फिरलो. अंड्यावर आलेली तलंग ओळखू येते. तुरा लाल होतो, ती हळू आवाजात कुरकुरत फिरते, दहा ठिकाणी मान घालून बघते, एका जागी बसते, उठते, परत येते. ती कसली जागा शोधते? अंधारी, कोरडी, पाठीमागे भिंत असलेली, डोक्यावर काहीतरी आडोसा असलेली आणि ये-जा नसलेली. कडब्याखाली हे सगळे होते. आमच्या खोक्यात यातले एकही नव्हते. दाराशी उजेड, दाराशी पाण्याचे भांडे, दाराशीच कोंबडा बाकीच्यांना हाकलत उभा.

म्हणून पहिले सांगणे हेच, की खोके ठेवण्याआधी तुमची कोंबडी आज कुठे घालते ते बघा. ती जागा जशी आहे तशी खुराड्यात उभी करा.

आता दिशेचे बोलू. आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीला दुपारचे ऊन. वर पत्रा असला तर एप्रिल-मे महिन्यात ते खोके म्हणजे भट्टी. तापलेल्या खोक्यात कोंबडी बसत नाही, आणि बसून घातलेच तर अंडे संध्याकाळपर्यंत तापून उबवणीच्या कामाचे राहत नाही. पावसाळ्यात झडही बहुतेक त्याच अंगाने येते. पूर्वेकडे तोंड करावे, तर सकाळचे ऊन थेट आत. आणि अंडी घालण्याची वेळ मुख्यतः सकाळचीच. एक अंडे तयार व्हायला 24 ते 26 तास लागतात. त्यामुळे कोंबडी रोज थोडी उशिरा घालत जाते आणि मध्ये एक दिवस खाडा धरते. पण बरीचशी अंडी दुपारच्या आत येतात. खुराडे पूर्व-पश्चिम लांब बांधले असेल तर उत्तरेची भिंत सगळ्यात थंड राहते. तिथे, दारापासून लांबच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून आम्ही खोकी बसवली. ज्यांचे खुराडे आधीच उभे आहे त्यांनी दिशेसाठी ते मोडू नये. पत्र्यावर पऱ्हाटीचा किंवा उसाच्या पाचटाचा थर टाकला आणि खोक्याच्या तोंडाला गोणपाट अर्धे सोडले तरी पुष्कळ फरक पडतो.

उंचीला मात्र सूट नाही. कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा धरते. बसायची दांडी खाली आणि खोके वर असे झाले, की कोंबड्या रात्रभर खोक्यातच बसणार, आणि रात्रीची घाण सगळी त्या पेंढ्यात. सकाळी अंडे त्या घाणीतच पडते. घाणीचे अंडे गिऱ्हाईक घेत नाही. धुवावे तर वरचा नैसर्गिक लेप जातो आणि अंडे लवकर नासते. म्हणून दांडी वर, खोके खाली. आमचे खोके जमिनीपासून दीड फुटावर आहे आणि दांडी तीन फुटांवर, पण समोरच्या बाजूला. खोक्याच्या डोक्यावर नाही. वनराजा, गिरिराज अशा जड कोंबड्यांना फूटभर उंची पुरे. खोक्याचे छप्पर उतरते ठेवावे, सपाट ठेवले की त्याचीच दांडी होते. तोंडापुढे पाय टेकायला एक काठी बांधा.

माप सांगतो. आतून फूट लांब, फूट रुंद, सव्वा फूट उंच. पुढे चार बोटे पट्टी, म्हणजे पेंढा आणि अंडे बाहेर घरंगळत नाही. चार-पाच कोंबड्यांना एक खोके, म्हणजे 14 ना तीन. जास्त केली तरी सगळ्या एकाच खोक्यापाशी भांडतात, हे आम्ही पाहिले आहे. कारण त्यांचे त्यांना माहीत. सुताराची गरज नाही. तेलाचा पंधरा किलोचा डबा आडवा करून गावरान कोंबडीला चालतो, मोठ्या जातीला अडचण होते. डब्याची कापलेली कड हातोडीने आत वळवून घ्या, नाहीतर पाय कापतात. फुटका रांजण आडवा पुरला तर तो पत्र्यापेक्षा थंड राहतो. आत भाताचे काड किंवा गव्हाचे काड, खाली चिमूटभर राख आणि कडुनिंबाचा वाळला पाला. पंधरा दिवसांनी सगळे काढून जाळून टाकायचे. नाही काढले तर पिसवा आणि गोचीड होतात आणि कोंबडी पुन्हा कडब्यात जाते.

जागा बदलताना घाई करू नका. आम्ही एका दिवसात सगळी खोकी हलवली आणि दोन दिवस अंडी जमिनीवर मिळाली. नंतर शहाणपण आले. आठवडाभर कोंबड्यांना अकरा वाजेपर्यंत बाहेर सोडले नाही, आत पाणी आणि दाणा ठेवला. प्रत्येक खोक्यात चुन्याच्या खडूचा अंड्याएवढा गोळा ठेवला. एकीने घातले की दुसरी तिथेच घालते. तलंगा पहिल्या अंड्यावर येण्याच्या पंधरा-वीस दिवस आधीच खोकी लावली तर हा त्रास होत नाही. एकदा बाहेरची सवय लागली की मोडायला वेळ लागतो.

खुडूक बसलेली कोंबडी त्याच खोक्यात ठेवू नये. ती 21 दिवस खोके अडवून बसते, दुसऱ्या तिच्या अंगावर येऊन घालतात आणि अंडी फुटतात. फुटलेले अंडे एकदा चाखले की कोंबडी अंडी खायला शिकते. तिला वेगळ्या पाटीत, वेगळ्या खोलीत बसवा.

आणि एक जिवाची गोष्ट. अंधारे खोके कोंबडीला आवडते तसे सापालाही आवडते. आमच्या एका घरात खोक्यातून धामण निघाली. धामण होती म्हणून आज हसून सांगतो आहोत, नाग असता तर? पोरांना अंडी आणायला पाठवायचे आणि ती न बघता हात घालणार, हे बंद करा. आम्ही खोक्याला मागून भिंतीबाहेर उघडणारे झाकण केले आहे. आधी काठीने वाजवायचे, झाकण उघडून उजेड पाडायचा, मग हात. झाकणाला कडी हवी, नाहीतर बोका उघडायला शिकतो. सकाळी दहाला आणि दुपारी एकदा, अशी दोन वेळा अंडी काढतो. रात्री खोक्यात एकही ठेवत नाही.

आता पाच घरांपैकी चार घरांत रोज पाच अंडी येतात, थंडीत दिवस लहान झाले की चारवर उतरतात. पाचव्या घरी एक म्हातारी गावरान कोंबडी अजूनही चुलीमागच्या टोपलीतच जाऊन घालते. घरच्यांनी टोपली तिथेच राहू दिली आहे.

मंडपामागे आम्ही एक डब्याचे आणि एक लाकडी खोके मांडून ठेवले आहे. मापे टेपने घेऊन जा. चहाला गेलेल्या भावांनीही येताना त्या बाजूने यावे.