कंपासपेटीतला रेडिओ



मला 'संगणक क्षेत्रातली वाटचाल' यावर बोलायला सांगितलंय. ती राहू द्या. नववीतल्या विज्ञान प्रदर्शनाची एक गोष्ट बोलायची राहून गेलीय, आणि जिच्याशी बोलायची ती दुसऱ्या रांगेत बसली आहे.

मी दोन ट्रान्झिस्टरचा रेडिओ केला होता, पुठ्ठ्यावर. आकाशवाणी लागायची, पण बटणाकडे हात नेला की कुईऽऽ अशी शिट्टी वाजून स्टेशन सरकायचं. सर म्हणाले, "तुझा हातच सर्किटचा भाग होतोय. पत्र्याच्या चपट्या पेटीत बसव आणि पेटी सेलच्या ऋण टोकाला जोड." घरचे डबे सगळे उभे, पिठाचे नि डाळींचे. चपटी पेटी एकच डोळ्यासमोर आली, शेजारणीची नवी कोरी कंपासपेटी. माझी प्लॅस्टिकची होती.

तिने लगेच दिली. कर्कटक, कोनमापक रुमालात बांधून घेतलं. झाकणाला मी खिळ्याने भोक पाडणार, हे मी तिला सांगितलंच नाही.

पेटी मात्र कामाला अशी छान! कानशीने रंग खरवडला की खाली कथिलाचा मुलामा, त्यावर डाख चटकन धरतो. दोन पेन्सिल सेल आडवे बरोबर मावले. तळाला वहीचा पुठ्ठा घातला, नाहीतर सर्किटचे टाके पत्र्याला टेकून शॉर्ट व्हायचे. हात लावला तरी शिट्टी नाही.

परीक्षक आले. मी ऐटीत झाकण लावलं, आणि रेडिओ गप्प. उघडलं की बातम्या, लावलं की शांतता. पत्रा माझ्या हाताला अडवत होता तसा आकाशवाणीलाही अडवत होता, कारण अँटेनाची फेराइट दांडी मी आतच ठेवली होती! बक्षीस गेलं. नंतर सरांनी ती दांडी झाकणाच्या वर, लाकडी पट्टीवर दोन बोटं उंच बसवायला लावली.

पुढे इंजिनिअरिंगला असताना वाचलं, की अमेरिकेत डग डिमॉ यांनी १९७६ साली ट्यूना माशाच्या रिकाम्या डब्यावर दोन ट्रान्झिस्टरचा ट्रान्समीटर उभा केला होता, 'ट्यूना टिन टू' नावाचा. हौशी रेडिओवाले पेपरमिंटच्या चपट्या डब्यांतही असंच काही बसवतात. त्यांचे डबे निदान स्वतःचे आणि खाऊन रिकामे केलेले असतात.

तू घरी "हरवली" म्हणून सांगितलंस, बोलणी खाल्लीस आणि दहावीपर्यंत सामान रुमालातच आणलंस. भोक पडलेली पेटी परत करायची मला लाज वाटली. मग शाळाच संपली.

पेटी आणली आहे. झाकणाच्या आत तुझं नाव अजून वाचता येतं. काल रात्री सेल बदलले, तर खरखरत का होईना, लागला. चहाच्या वेळी घेऊन जा. झाकण लावलंस तरी चालेल.