कटरचं झाकण बांधू नका



मी शेतकीचा पदवीधर, पण आज करवतीवर बोलणार आहे. कोरडवाहू कापूस-ज्वारीवर भागत नाही म्हणून आपली पोरं अंबरनाथ, बदलापूर गाठतात, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात कामाला लागतात. तिथे हातात येतं कटर, म्हणजे विजेवर फिरणारी गोल करवत.

काम भरभर उरकावं म्हणून कुणी तिचं खालचं सरकतं झाकण तारेनं बांधून टाकतो. बटण सोडलं तरी पातं काही क्षण फिरतच असतं. उघडं पातं मग मांडीवर उतरतं. मळणी यंत्रात हात गेलेली माणसं आपण पाहिली आहेत. हा धोका त्याच जातीचा.

पोराला सांगून पाठवा: पातं फळीखाली जेमतेम दाताएवढंच निघू दे. कापलेला तुकडा मोकळा पडू दे. चीर मिटली की पातं अडकतं आणि मशीन मागे उसळतं. म्हणून पात्याच्या रेषेत उभा राहू नकोस. पातं बदलण्याआधी प्लग काढ. हातमोजे, सैल बाही नको. डोळ्यांवर चष्मा हवा.

मालक म्हणेल, झाकणानं वेळ जातो. जाऊ द्या. बोट गेलं तर तिथली मजुरी बुडते, आणि गावी परतल्यावर कापूस वेचायलाही तीच बोटं लागतात.