कालवा आला, चारी कुठे?



‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे वाक्य इथे लहान पोरालाही पाठ असते. गावाचा अभिमान असावाच. पण हे वाक्य म्हणणाऱ्यांनी एकदा जर्मनीतल्या फ्रायबुर्ग या गावाची चौकशी करायला हवी. तिथली वस्ती सव्वादोन लाखांच्या पुढे, म्हणजे परभणीहून कमीच. दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर 1944 मध्ये, बॉम्बवर्षावात त्या गावाचा जुना भाग जमीनदोस्त झाला. ते पुन्हा उभे राहिले. पुढे मोटारींना वाट हवी म्हणून युरोपातली कित्येक शहरे ट्रामचे रूळ उखडू लागली. फ्रायबुर्गने रूळ ठेवले आणि वाढवलेही. 1973 मध्ये गावाचा मध्यभाग पायी चालणाऱ्यांच्या हवाली केला आणि 1984 मध्ये ट्राम-बसचा स्वस्त मासिक पास काढला.

आता आपल्या परभणीत येऊ. इथे सकाळी मुंबईहून देवगिरी एक्स्प्रेस लागते. तिथून सुरू होणारा प्रवास बघा. एखादी आजी रात्रभर गाडीत बसून सुखरूप स्टेशनावर उतरते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात नातवाचे बोट. बाहेर रिक्षावाला म्हणतो, सीट भरू द्या, मग निघू. आणखी तीन सीट मिळेपर्यंत आजी उन्हात उभी. घाई असेल तर ‘स्पेशल’ करायची, आणि स्पेशलचे पैसे ऐकून ती पिशवी उचलून चालू लागते. फुटपाथ शोधते. फुटपाथवर मोटारसायकली लावलेल्या, म्हणून नातवाला आतल्या अंगाला घेऊन ती रस्त्यावरूनच चालते. रिक्षावाल्याचा यात दोष नाही, त्यालाही घर चालवायचे आहे. पाचशे किलोमीटरच्या वर प्रवास बिनबोभाट झाला आणि शेवटच्या दोन-तीन किलोमीटरला माणूस रडकुंडीला आला, ही गोष्ट मात्र खरी.

परभणीच्या माणसाला हे जायकवाडीवरून चटकन कळेल. पैठणच्या धरणातून 208 किलोमीटरचा डावा कालवा निघतो आणि या जिल्ह्यात येतो. कालवा भरून वाहत असला तरी पीक भिजते ते चारीने आणि पोटचारीने, म्हणजे कालव्यातून शेतापर्यंत जाणाऱ्या लहान पाटांनी. चारी बुजलेली असेल तर बांधावर उभे राहून वाहते पाणी बघत बसायचे. परभणीला रेल्वे जंक्शन आहे, मनमाड, नांदेड आणि परळीकडचे फाटे आहेत. कल्याण–निर्मल महामार्ग गावातून जातो. हे सारे मोठे कालवे. शहर बस ही चारी आणि फुटपाथ ही पोटचारी. चारीला पाणीपाळी ठरलेली लागते, तसे बसला वेळापत्रक लागते. पाणी कधी येणार हे ठाऊक नसेल तर दारे धरायला कोण जागेल? आणि टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी पोचले तरच पाळी पुरी झाली म्हणतात. शहराच्या टेलला कोण राहते? नव्या वसाहतींतली, गावाच्या कडेला घर घेतलेली माणसे.

कालव्याइतकीच चारीही हवी, हे पुन्हा सांगायला हवे, कारण सभांमध्ये नेमके हेच निसटते. विकास म्हटला की रस्ता रुंद करणे, दुभाजक घालणे, चौकात दिवे लावणे, एवढेच बोलले जाते. 2011 मध्ये महानगरपालिका झाली तरी बोलणे तेच राहिले. रुंद रस्त्याने गाडीवाल्याची सोय होते. ज्याच्याकडे गाडी नाही त्याला रुंद रस्ता ओलांडायला उलट जास्त वेळ लागतो.

आता जगाच्या राजकारणाचा यात काय संबंध, असे कुणी विचारेल. तोही बघा. ऑक्टोबर 1973 मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांत तेल चौपट महागले. त्या हिवाळ्यात पश्चिम जर्मनीने चार रविवार खासगी मोटारी बंद ठेवल्या. लोक महामार्गांवर पायी आणि सायकलींवर उतरले. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला, इंधन पुन्हा भडकले. तेव्हा जर्मन सरकारने जून ते ऑगस्ट महिन्याला 9 युरोत देशभरच्या स्थानिक गाड्या-बसचा पास दिला. असे 5 कोटींवर पास विकले गेले. सरकारला ते जमले, कारण लोकांनी बसायला बस आणि ट्राम आधीच होत्या. भारत तर बहुतेक कच्चे तेल बाहेरून आणतो. आखातात ठिणगी पडली की तिची झळ जिंतूर रोडवरच्या पेट्रोलपंपावर लागते. भरवशाची बस असली तर ही झळ सगळ्यांत वाटली जाते. नसली तर ज्याने त्याने आपापल्या खिशातून सोसायची.

ऑगस्ट 2023 मध्ये केंद्राने 10,000 विजेच्या शहर बसची योजना मंजूर केली. तीन लाखांवर वस्तीची शहरे तिच्यात बसतात आणि 2011 च्या जनगणनेने परभणी त्या मापात येते. नागरिकांनी नगरसेवकाला रस्त्याबद्दल विचारावे, तसे बसबद्दलही खडसावून विचारावे. आपण विचारत नाही, हा दोष आपलाच.

शाळांच्या वेळा आणि बसच्या वेळा जुळवणे, मुलींच्या संध्याकाळच्या शिकवण्या, दर्ग्याच्या उरुसातली गर्दी, यावर बोलायचे होते, पण वेळ भरत आली आहे. पहिली चारी कुठून काढावी, एवढे तरी सांगू द्या. रेल्वे स्टेशन, बसस्थानक, सरकारी दवाखाना आणि वसमत रोडने काळी कमान, कृषी विद्यापीठ. रुग्ण, विद्यार्थी, मजूर आणि बाजाराला आलेल्या बाया यांची या एकाच वाटेवर रोजची ये-जा असते. दर वीस मिनिटांनी एक बस, सकाळी पहिली गाडी लागण्याआधीपासून रात्रीची शेवटची गाडी गेल्यानंतरपर्यंत, आणि थांब्यावर सावलीला एक छप्पर. दुसरा मार्ग गंगाखेड रोडचा, त्याचे म्हणाल तर…

वेळ संपली.