मुलांची शब्दसंपत्ती आणि एक कादंबरी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच, की यात आम्ही एकदा सपशेल हरलो आहोत. आमचा नातू इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकतो. त्याचे मराठी सुधारावे म्हणून आम्ही रोज दहा शब्द वहीत उतरवून देत असू आणि रविवारी ते पाठ म्हणवून घेत असू. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सातही विभाग आमच्या कपाटात आहेत, त्यामुळे शब्दांना तोटा नव्हता. मुलाने दोनतीनशे शब्द बिनचूक पाठ केले, पण त्यांतला एकही त्याच्या बोलण्यात कधी उतरला नाही. वही संपली तेव्हा त्याला आनंद झाला, आणि खरे सांगायचे तर आम्हांसही.

त्यानंतर आम्ही व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' हाती घेतली. १९५५ साली प्रसिद्ध झालेली ही लहानशी कादंबरी आपणांपैकी पुष्कळांनी वाचली असेल. औंध संस्थानातील धनगरांच्या एका वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालवावयास जातो, एवढेच तिचे सूत्र. येथेही आमचा मास्तरी स्वभाव आडवा आलाच. प्रत्येक ओळीला थांबून आम्ही 'याचा अर्थ काय?' असे विचारू लागलो. तिसऱ्या दिवशी मुलाने पुस्तक मिटले आणि तो खेळावयास निघून गेला. महिनाभर आम्ही पुस्तकाचे नाव काढले नाही. पुढे पुन्हा आरंभ केला तेव्हा ठरविले, की आपण नुसते मोठ्याने वाचीत जावे. विचारावयाचे ते त्याने विचारावे.

त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा : "आजोबा, तालीम तर आमच्या नाटकाची असते. मग या गावाने ती बांधली कशी?" हा शब्द त्याला ठाऊक होता, आणि ठाऊक असूनही ठाऊक नव्हता! मूळ अरबीत तालीम म्हणजे शिक्षण. आपल्याकडे ती नाटकाचीही झाली आणि ज्या जागेत कुस्ती शिकतात ती जागाही झाली. हे आम्ही दोन वाक्यांत सांगितले व पुढे वाचू लागलो. कादंबरीत तो शब्द काही एकदाच येऊन जात नाही. तालीम बांधण्याची कल्पना निघते, गावकरी अंगमेहनत करतात, उद्घाटनाला राजेसाहेब येतात. शेवटी दुष्काळ पडतो आणि ज्यांनी ती बांधली ते लोकच वाडी सोडून निघतात. एकच शब्द असा निरनिराळ्या प्रसंगांतून फिरून आल्यावर तो मुद्दाम पाठ करावा लागत नाही. आमच्या वहीत त्याच्यापुढे 'आखाडा' एवढेच लिहिलेले असते.

दुसरा अनुभव याहून मोठा. शेकूचा बैल मरतो तेव्हा त्याची बायको उरलेल्या बैलाच्या जोडीने स्वतः जुवाला मान देते, हा प्रसंग आला. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, इतिहासात पारतंत्र्याचे जोखड म्हणतात, ते हेच का?" परीक्षेत हा शब्दप्रयोग त्याने अनेकदा लिहिला होता, गुणही मिळविले होते, पण ते लाकूड कोणाच्या तरी मानेवर असते, हे त्याला त्या दिवशी प्रथमच दिसले.

आता एका आक्षेपाविषयी बोलतो, कारण तो आपल्याच घरांत निघतो. एका मातोश्रींनी आम्हांस विचारले, "असली गावंढळ भाषा वाचून मुले अशुद्ध बोलू लागली तर?" त्यांची काळजी आम्ही समजू शकतो, शुद्ध बोलणे ही आपल्या घरांची प्रतिष्ठा मानली गेली आहे. परंतु ही प्रतिष्ठा जपता जपता आपण औत, कुळव, पाभर, सुगी, बेगमी हे शब्द घराबाहेर घातले, आणि त्यांच्या जागी दुसरे मराठी शब्द काही आणले नाहीत. तेथे आज इंग्रजी शब्दही नाहीत, रिकामी जागा आहे. करडू, कोकरू, शिंगरू, रेडकू या चौघांनाही आमचा नातू 'पिल्लू' म्हणत असे. याला शुद्ध मराठी म्हणावयाचे काय? शिवाय या कादंबरीत निवेदन प्रमाण मराठीत आहे आणि पात्रांचे बोलणे माणदेशी आहे. कोण कोणाशी कसे बोलतो, हा भेद मुलाला तेथे आपोआप कळतो. व्याकरणाच्या पुस्तकात तो आम्हांस तरी कोठे आढळला नाही.

आमची कार्यकारिणीस एक विनंती आहे. दरवर्षी आपण शब्दार्थ-पाठांतराची स्पर्धा घेतो. तिचे एक पारितोषिक आमच्या दिवंगत वडील बंधूंच्या नावे आहे, म्हणून हे बोलताना आम्हांस संकोच वाटतो. तरीही ती स्पर्धा यंदापासून बंद करावी, आणि त्या रकमेतून एकाच कादंबरीच्या वीस प्रती घ्याव्यात. रविवारी सकाळी सभागृह मोकळेच असते. तेथे मोठ्याने वाचावे, मुलांनी ऐकावे, वाटल्यास मध्ये बोलावे. पहिले तीन महिने वाचण्याचे काम आम्ही करू. आवाज आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. तेव्हा मुलांना पुढच्या रांगेत बसवावे लागेल.